एडमंटन ऑइलर्स यंदा कप आणणार का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आज ७ ऑक्टोबर २०२५. उद्या संध्याकाळी कॅल्गरीविरुद्धच्या सामन्याने ऑइलर्स या आइस हॉकी संघाचा नवा हंगाम सुरू होतोय. गेल्या दोन वर्षांत हा संघ दोनदा स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत गेला आणि दोन्ही वेळा फ्लोरिडा पँथर्सकडून हरला. तेव्हापासून साताऱ्याहून, पुण्याहून आणि इथे नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळी एका जागी लिहून काढली. मी २०१४ पासून एडमंटनमध्ये राहते, माझा मुलगा इथेच स्केटिंग आणि हॉकी शिकला, आणि या संघावर माझा जीव आहे. हे आधीच सांगते, म्हणजे माझी मतं कुठून येतात ते कळेल.

ऑइलर्स हा नक्की कुठला संघ?

एडमंटन ही कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताची राजधानी. वस्ती दहा लाखांच्या आसपास, आणि हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. १९४७ मध्ये जवळच्या लेड्युकला तेल लागलं आणि या भागाचं नशीब पालटलं. संघाचं नाव त्या तेलावरून. १९७२ मध्ये संघ उभा राहिला तेव्हा तो दुसऱ्या एका लीगमध्ये होता, १९७९ पासून एनएचएलमध्ये आहे. रंग निळा आणि नारिंगी. घरचं मैदान रॉजर्स प्लेस, २०१६ मध्ये सुरू झालेलं. अठरा हजारांवर माणसं बसतात.

हा खेळ आपल्या हॉकीसारखाच का?

नाव सोडलं तर फारसा नाही. मैदान बर्फाचं, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, भोवती कठडा आणि त्यावर काच. एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा जण बर्फावर असतात, त्यातला एक गोलरक्षक. त्याला इथे सगळे गोली म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूच्या जागी पक. तो रबराचा, एक इंच जाड, तीन इंच रुंद, वजन साधारण १७० ग्रॅम. सामन्याआधी तो गोठवून ठेवतात, नाहीतर बर्फावर उड्या मारतो. मुलाच्या सामन्याला पहिल्यांदा काचेजवळ उभी होते तेव्हा एक पक समोर येऊन आदळला. आवाज कानाआधी छातीत गेला. त्या दिवशी मला कळलं की गोलीच्या अंगावर एवढं चिलखत का असतं.

आपल्या माणसांना सगळ्यात नवल वाटतं ते खेळाडूंच्या ये-जा करण्याचं. गोली सोडला तर साधारणपणे कोणी एका वेळी पाऊण मिनिटापेक्षा जास्त खेळत नाही. पूर्ण ताकदीने पळायचं, दमलं की बाकावर, आणि खेळ न थांबता दुसरा उडी मारून आत. म्हणून संघात तीन-तीन आक्रमकांच्या चार तुकड्या असतात, त्यांना 'लाइन' म्हणतात. हे लक्षात ठेवा, कारण ऑइलर्सचं दुखणं समजायला पुढे हेच लागणार आहे.

आणि पॉवर प्ले म्हणजे क्रिकेटमधला नव्हे. एखाद्याने चूक केली की त्याला साधारणपणे दोन मिनिटं बाहेर बसवतात, तेवढा वेळ समोरचा संघ गोली सोडून पाचास चार खेळतो. यात ऑइलर्ससारखं कोणी नाही. २०२२-२३ मध्ये त्यांनी अशा संधींपैकी ३२.४ टक्क्यांवर गोल केले. लीगच्या इतिहासातला तो विक्रम आहे.

स्टॅनली कप जिंकायला काय काय करावं लागतं?

एकूण ३२ संघ. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येकी ८२ सामने. त्यातून सोळा संघ प्लेऑफमध्ये. मग चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने, आधी चार जिंकेल तो पुढे. म्हणजे कपासाठी सोळा विजय हवेत, आणि ते सुमारे दोन महिन्यांत मिळवायचे. माणसं बोटं मोडलेली, बरगड्या दुखावलेल्या अवस्थेत खेळतात आणि हंगाम संपेपर्यंत कोणाला सांगत नाहीत. कप एकच आहे, दर वर्षी नवा करत नाहीत. जिंकणाऱ्यांची नावं त्यावर कोरतात आणि उन्हाळ्यात प्रत्येक खेळाडूला तो एक दिवस घरी नेता येतो.

ऑइलर्सनी याआधी कप जिंकलाय ना?

पाच वेळा. १९८४, १९८५, १९८७, १९८८ आणि १९९०. इथल्या पन्नाशी उलटलेल्या माणसाला ही वर्षं विचारा, आपल्याकडे १९८३ आणि २०११ सांगावं तशी तो एका दमात सांगेल. त्या संघात वेन ग्रेट्झकी होता. १९८१-८२ मध्ये त्याने एकाच हंगामात ९२ गोल केले, तो आकडा अजून कोणाला गाठता आलेला नाही. आणि अशा माणसाला मालकाने ९ ऑगस्ट १९८८ रोजी लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, बदल्यात काही खेळाडू, पुढच्या निवडीचे हक्क आणि दीड कोटी डॉलर घेतले. पत्रकार परिषदेत ग्रेट्झकी रडला. माझ्या शेजारच्या आजोबांनी तो दिवस मला इतक्या बारकाईने सांगितलाय की घरातलं कोणी गेल्याचं सांगतायत असं वाटावं. १९९० चा कप मार्क मेसिएच्या नेतृत्वाखाली ग्रेट्झकीशिवाय आला. त्यानंतर एकही नाही.

मग मधली पस्तीस वर्षं काय चाललं होतं?

२००६ मध्ये एकदा अंतिम फेरी गाठली आणि कॅरोलायनाकडून सातव्या सामन्यात हार पत्करली. पुढची सलग दहा वर्षं प्लेऑफचं तोंडही पाहिलं नाही. एनएचएलमध्ये तळाच्या संघांना नव्या खेळाडूंची निवड आधी करता येते, पहिला क्रमांक सोडतीने ठरतो. २०१०, २०११ आणि २०१२ अशी तीन वर्षं ऑइलर्सनी पहिली निवड केली, तरी संघ उभा राहिला नाही. मी इथे आले ते याच काळात. तेव्हा लोक रागावलेलेही नव्हते. चिडणं सोडून दिलेले होते, ते मला जास्त वाईट वाटायचं.

२०१५ ची सोडत मात्र वेगळी ठरली. ऑइलर्स तळापासून तिसरे होते आणि पहिला क्रमांक लागण्याची शक्यता साडेअकरा टक्के. तो लागला, आणि कॉनर मॅकडेव्हिड एडमंटनला आला.

मॅकडेव्हिड खरंच एवढा मोठा आहे का?

हो. ऑन्टारियोतल्या न्यूमार्केटचा मुलगा, आता अठ्ठावीस वर्षांचा. सर्वाधिक गुणांचा मान पाच वेळा, सर्वोत्तम खेळाडूचा तीन वेळा. गुण म्हणजे गोल आणि गोलाला लावलेला हातभार यांची बेरीज. २०२२-२३ मध्ये त्याने ६४ गोल आणि ८९ साहाय्य मिळून १५३ गुण केले. पुढच्या हंगामात एकट्या साहाय्यांची शंभरी गाठली.

पण आकड्यांनी तो कळत नाही. २ जून २०२४ रोजी डॅलसविरुद्धच्या सहाव्या सामन्यात त्याने केलेला गोल शोधून पाहा. समोर मिरो हाइस्कानेन, जगातल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. मॅकडेव्हिड पक पुढे ढकलल्यासारखं करतो, हाइस्कानेनची स्टिक तिकडे जाते, तोवर पक स्टिकच्या टोकाने आत ओढलेला असतो आणि तो त्याला ओलांडून गोलीसमोर पोचलेलाही असतो. मग उलट्या बाजूने वरच्या कोपऱ्यात. बाकीचे वेग वाढवायला आधी वाकतात, जोर लावतात. हा वळता वळताच वेग घेतो, पाय एकमेकांवरून टाकत. माझ्या मुलाच्या प्रशिक्षकाने मुलांना ती चित्रफीत संथ करून दाखवली होती, तरी पक कधी आत आला ते पोरांना दोनदा पाहावं लागलं.

त्याच्या जोडीला लिऑन ड्रायसायटल आहे, जर्मनीच्या कोलोनचा. तो वेगात मॅकडेव्हिड नाही, पण त्याच्या स्टिकवर पक आला की काढून घेणं महाकठीण. गेल्या हंगामात ५२ गोल करून तो लीगमध्ये पहिला आला.

२०२३-२४ मध्ये नेमकं काय झालं? ०-३ वरून ३-३ झालं होतं, खरं का?

खरं. आणि हंगामाची सुरुवात इतकी वाईट होती की त्यावर आता विश्वास बसत नाही. पहिल्या तेरा सामन्यांत तीनच विजय. नोव्हेंबरात प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्टला काढलं आणि क्रिस क्नॉब्लॉकला आणलं. मॅकडेव्हिड शाळकरी वयात इरी ऑटर्समध्ये खेळायचा तेव्हा हाच त्याचा प्रशिक्षक होता. शांत माणूस, बाकामागे उभा राहून ओरडत नाही. डिसेंबर ते जानेवारी संघाने सलग सोळा सामने जिंकले, लीगचा विक्रम सतराचा आहे. विजयांवरून मिळणारे १०४ गुण संघाच्या खात्यात जमा झाले. झॅक हायमनने ५४ गोल केले, आणि प्लेऑफमध्ये आणखी सोळा.

पहिली फेरी लॉस एंजेलिसशी, ती पाच सामन्यांत संपली. व्हँकूव्हरने मात्र सातव्या सामन्यापर्यंत झुंजवलं. डॅलसविरुद्ध १-२ पिछाडीवरून सलग तीन जिंकले. वर सांगितलेला सहावा सामना ऑइलर्सनी २-१ जिंकला तेव्हा त्यांनी गोलावर फक्त दहा फटके मारले होते, डॅलसने पस्तीस. ती रात्र गोली स्ट्युअर्ट स्किनरची होती. हा पोरगा एडमंटनचाच, इथेच जन्मलेला.

अंतिम फेरीत फ्लोरिडाने पहिले तीन सामने घेतले. एडमंटन ते फ्लोरिडातलं सनराइज म्हणजे सुमारे चार हजार किलोमीटर, थेट समुद्रकिनाऱ्याच्या दमट हवेत. चौथा सामना ऑइलर्सनी ८-१ जिंकला. पाचवा तिकडे जाऊन ५-३. सहावा घरी ५-१. अंतिम फेरीत ०-३ वरून कप जिंकण्याची करामत आजवर एकाच संघाने केलीय, १९४२ मध्ये टोरोंटोने. सगळं शहर त्या वर्षाचा उच्चार करत होतं. माझ्या कामाच्या ठिकाणी त्या आठवड्यात कोणी दुसऱ्या विषयावर बोललंच नाही.

२४ जून, सोमवार. सातवा सामना २-१ ने गेला. एका गोलाने. मॅकडेव्हिडला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मायथ करंडक मिळाला, ४२ गुण आणि त्यात ३४ साहाय्य, तोही विक्रम. हरलेल्या संघातल्याला हा मान क्वचितच मिळतो. तो घ्यायला तो बर्फावर परत आलाच नाही. घरात आम्ही टीव्ही बंद केला आणि बराच वेळ कोणी दिवा लावायला उठलं नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ची अहमदाबादची रात्र ज्यांना आठवते त्यांना जास्त सांगायला नको. पाच दिवसांनी, शनिवारी सकाळी, इथल्याच सोफ्यावर बसून सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला तो झेल पाहिला आणि भारत विश्वविजेता झाला. मी रडले. त्यात सोमवारचं किती आणि शनिवारचं किती, हे मला अजून सांगता येणार नाही.

आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा तेच?

शेवट तोच, पण रस्ता वेगळा. संघाचे १०१ गुण, मॅकडेव्हिडचे स्वतःचे ६७ सामन्यांत १०० गुण. पहिल्या फेरीत लॉस एंजेलिसने पहिले दोन सामने घेतले, तेव्हा स्किनरला बसवून कॅल्विन पिकर्डला गोलात उभं केलं. पिकर्ड त्याचा राखीव, वर्षानुवर्षं संघ बदलत फिरलेला. त्याने सलग सहा सामने जिंकून दिले आणि व्हेगसविरुद्धच्या फेरीत जायबंदी झाला. परत आलेल्या स्किनरने व्हेगसला लागोपाठ दोन सामन्यांत एकही गोल करू दिला नाही. डॅलसला पाच सामन्यांत हरवलं, पण तिथे हायमनच्या मनगटाला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. मला विचाराल तर अंतिम फेरीचा तोल त्या दिवशीच ढळला.

फ्लोरिडाविरुद्ध पहिला सामना ड्रायसायटलने जादा वेळेत जिंकून दिला. दुसरा सामना दुसऱ्या जादा सत्रात हरलो. तिसरा १-६ असा सपशेल हरलो. चौथ्यात पहिल्या वीस मिनिटांतच ०-३, तरी तिथून वर येऊन आघाडी घेतली. फ्लोरिडाने शेवटच्या वीस सेकंदांत बरोबरी केली आणि पुन्हा ड्रायसायटलने जादा वेळेत सामना जिंकून दिला. एका प्लेऑफमध्ये जादा वेळेत चार गोल करणारा तो पहिलाच. त्या रात्री मला वाटलं होतं की आता होतंय. पाचवा २-५ आणि सहावा १-५. १७ जूनला संपलं.

दोन्ही वेळा फ्लोरिडाच का? नशीब का आडवं येतं?

नशिबाला दोष देणाऱ्यांशी माझं पटत नाही. २०२४ मध्ये एक गोल कमी पडला, तिथे नशीब म्हणा हवं तर. २०२५ मध्ये सरळ सरळ ते आपल्यापेक्षा चांगले होते.

वर चार लाइनींचं सांगितलं ते इथे आठवा. फ्लोरिडाची तिसरी लाइन त्यांच्या पहिलीइतकीच अंगावर येते. ब्रॅड मार्शंड सदतिसाव्या वर्षी तिसऱ्या लाइनवर खेळून अंतिम फेरीत सहा गोल करून गेला. सहाव्या सामन्यात सॅम राइनहार्टने एकट्याने चार केले. आपली तिसरी-चौथी लाइन मैदानात आली की आपण वेळ काढतो आणि मॅकडेव्हिडला दम खाऊ देतो. ते तेव्हाही गोल करतात. शिवाय त्यांची पद्धत ठरलेली आहे. पक आपल्या बचावपटूच्या मागच्या कोपऱ्यात टाकायचा, त्याच्या अंगावर जायचं, कठड्यापाशी दाबायचं आणि घाईत चूक करायला लावायची. आपल्या बचावपटूंनी त्या चुका केल्या. २०२४ मध्ये चार जणांनिशी खेळताना आपला बचाव अभेद्य होता, २०२५ मध्ये तो सगळा प्लेऑफभर गळत होता.

सगळा दोष गोलीचा आहे असं इथले लोक म्हणतात. तुमचं मत?

अर्धं खरं. स्किनर एका आठवड्यात भिंत असतो आणि पुढच्या आठवड्यात दार उघडं. गेल्या हंगामात दर शंभर फटक्यांपैकी नव्वदही त्याने पूर्ण अडवले नाहीत, आणि कप जिंकू पाहणाऱ्या संघाला हे परवडत नाही. अंतिम फेरीत तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यात त्याला मध्येच बाहेर काढावं लागलं. फ्लोरिडाकडे सर्गेई बोब्रोव्स्की होता, ज्याच्या भरवशावर त्यांना रात्री शांत झोप लागते.

पण स्किनरला एकट्याला धरून चोपणं मला पाहवत नाही. तो सलग दोन वर्षं संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेलाय. त्याच्यासमोर मोकळा सोडलेला खेळाडू, काठावरून सुटलेला पक, उशिरा परतलेला आक्रमक, हे सगळं आधी घडतं, मग गोल होतो, आणि टीव्हीवर दिसतो तो गुडघ्यावर बसलेला गोली. या उन्हाळ्यात संघाने गोलींचा प्रशिक्षक बदलला, गोली नाही. मी असते तर गोलीही शोधला असता, स्किनरला ठेवून त्याच्या तोडीचा दुसरा.

मग पैसा टाकून चांगले खेळाडू का घेत नाहीत?

कारण पगारावर मर्यादा आहे. २०२५-२६ साठी प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून ९ कोटी ५५ लाख डॉलर खर्च करता येतात. ड्रायसायटलला यंदापासून वर्षाला १ कोटी ४० लाख, मॅकडेव्हिडला १ कोटी २५ लाख, बचावपटू एव्हन बूशार्डला १ कोटी ५ लाख, डार्नेल नर्सला ९२ लाख ५० हजार. चौघांची बेरीज करून पाहा, निम्म्याच्या जवळ जाते. उरलेल्या निम्म्यात एकोणीस-वीस जण बसवायचे.

यातूनच २०२४ च्या ऑगस्टमधला घाव बसला. फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन तरुणांना सेंट लुईसने जास्त पगार देऊ केला, नियमाप्रमाणे ऑइलर्सना सात दिवसांत तेवढाच देऊन त्यांना ठेवता आलं असतं, पण पगाराच्या मर्यादेत जागा नव्हती. हॉलोवेने तिकडे पहिल्याच हंगामात ६३ गुण केले. तो आपल्या दुसऱ्या लाइनवर असता तर, हा विचार मी जूनभर करत होते.

या उन्हाळ्यात काय बदललं?

बरंच. कोरी पेरी, कॉनर ब्राउन, इव्हँडर केन आणि व्हिक्टर आर्विडसन गेले. अँड्र्यू मँजियापानी आला. ट्रेंट फ्रेडरिकला आठ वर्षांचा करार दिला, तो मला फार लांबचा वाटतो. माझी आशा दोन पोरांवर आहे. मॅथ्यू सव्हॉय, इथून अर्ध्या तासावरच्या सेंट अल्बर्टचा, आणि टँपाकडून घेतलेला आयझॅक हॉवर्ड. दोघांचे पगार कमी आहेत, पाय ताजे आहेत, आणि दोघांना गोल करता येतो. तळाच्या लाइनींची उणीव भरून निघायची तर अशाच मुलांकडून. हायमन मनगटामुळे सुरुवातीचे काही आठवडे नसेल.

मॅकडेव्हिडने दोनच वर्षांचा करार का केला? तो जाणार आहे का?

काल हीच बातमी आली आणि फोन थांबेना. सध्याचा करार या हंगामाअखेर संपत होता. त्याने पुढची दोन वर्षं सही केली, २०२७-२८ पर्यंत, आणि तीही आहे त्याच पगारावर. गेल्याच आठवड्यात मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हने वर्षाला १ कोटी ७० लाखांचा करार केलाय. मॅकडेव्हिडने मागितलं असतं तर त्याहून जास्त मिळालं असतं. त्याने ते सोडलं, म्हणजे त्या पैशात इतर खेळाडू घेता येतील.

मला यात धमकी दिसत नाही. मला दिसते ती मुदत. तो संघाला सांगतोय की मी माझ्याकडून स्वस्तात राहतो, तीन हंगाम देतो, आता तुम्ही गोली आणा, तिसरी लाइन उभी करा, कप आणून दाखवा. हे वाचून घाबरलेल्यांना १९८८ आठवतंय, ते मी समजू शकते. पण तेव्हा मालकाने विकलं होतं. इथे खेळाडू स्वतःहून थांबलाय.

तर यंदा कप येणार का?

अंतिम फेरीत पुन्हा जाण्याची ताकद आहे, यात मला शंका नाही. पश्चिमेकडे कोलोराडो, डॅलस आणि व्हेगस हे तीन अडथळे. कप मात्र दोन गोष्टी झाल्या तरच येईल. एक, मार्चमधली खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपण्याआधी गोलात दुसरा भरवशाचा माणूस यायला हवा. दोन, मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटल बाकावर असताना आपण गोल खातो ते थांबायला हवं. जानेवारीत गुणतक्त्याकडे पाहू नका. ते दोघं बसलेले असताना मिनिट-दोन मिनिटं खेळ कुठल्या टोकाला चाललाय ते पाहा. समोरच्या संघाच्या टोकाला चालला असेल तर मला फोन करा, मी चकल्या तळते.

कॅनडाच्या संघाने १९९३ नंतर कप जिंकला नाही, हे खरं?

खरं. माँट्रियल १९९३, तो शेवटचा. त्यानंतर व्हँकूव्हर, कॅल्गरी, एडमंटन, ओटावा, माँट्रियल सगळे अंतिम फेरीत हरले. म्हणून २०२४ च्या जूनमध्ये एरवी ऑइलर्सना पाण्यात पाहणारेसुद्धा आपल्या बाजूने होते. कॅल्गरीवाले सोडून.

भारतातून सामने कधी पाहायचे?

इथले बहुतेक घरचे सामने संध्याकाळी सातला. सध्या भारतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा, आणि नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेसात. चहाच्या वेळेला बसतं. अंतिम फेरी मात्र गेल्या वर्षी तुमच्याकडे पहाटे साडेपाचला सुरू व्हायची. माझा भाऊ उठायचा.

या खेळात आपली माणसं आहेत का?

पंजाबी आहेत, आणि अभिमान वाटावा इतकी. २००८ पासून कॅनडात हॉकीचं पंजाबी समालोचन चालतं. त्यातला आवाज हरनारायण सिंग, याच अल्बर्टातल्या ब्रुक्स गावचा. जुझार खैरा कित्येक हंगाम ऑइलर्सच्या निळ्या-नारिंगी जर्सीत खेळला. खेळ समजत नव्हता तेव्हा मी तेच पंजाबी समालोचन लावायची. निम्मं कळायचं, पण ओळखीच्या वळणाचं वाटायचं. आणि भारतात लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ शिकून मोठ्या झाल्यात. त्यांनी भरलेल्या भारतीय महिला संघाने याच जूनमध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं.

घरच्या मैदानावर जिंकल्यावर सगळे थांबून एक गाणं ऐकतात, ते काय?

ते जोई मॉससाठी. डाउन सिंड्रोम असलेल्या या माणसाला ग्रेट्झकीने ऐंशीच्या दशकात संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये काम मिळवून दिलं. टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, आवराआवर. तिथून तो तीस वर्षांहून जास्त संघाचाच झाला. ग्रेट्झकी गेला, प्रशिक्षक बदलले, मालक बदलले, जोई होता. राष्ट्रगीत सुरू झालं की बाकाजवळ उभा राहून गळ्याच्या शिरा ताणून गायचा, आणि कॅमेरा त्याच्याकडे वळायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये तो गेला. त्याचं आवडतं गाणं जिंकल्यावर लावायची पद्धत त्याच्यासाठी सुरू झाली. खेळाडू आत निघून गेले तरी लोक जागेवर उभे राहून टाळ्या देतात, लहान मुलं पायऱ्यांवर नाचतात. स्पर्धेच्या सामन्यानंतर ते शेवटचं वाजलं ४ जूनच्या रात्री, ड्रायसायटलने जादा वेळेत गोल केला तेव्हा. उद्या मी आणि मुलगा वरच्या मजल्यावर, गोलाच्या मागच्या बाजूला आहोत.